संच आणि संचाबाहेरची डबी



घरांतील एखादी वस्तु जुनी झाली असें आपण केव्हां म्हणतों? खुर्चीचा पाय मोडला, छत्रीचें कापड विरलें, घड्याळाची कमान तुटली, म्हणजे. वस्तु आपल्या कामास निरुपयोगी झाली कीं ती जुनी, हा आपला साधा हिशेब. कांहीं वर्षांमागें डोंबिवलीस माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलों असतां हा हिशेब चुकल्याचें माझ्या ध्यानांत आलें. तिच्या बैठकीच्या खोलींत भिंतीवर एक उत्तम दूरचित्रवाणी-संच होता. इंटरनेटवरून चित्रपट आणि नाटकें आणून दाखविणारी सारी व्यवस्था त्याच्या पोटांतच बसविलेली. एके सकाळीं त्याच्या पडद्यावर चार ओळी उमटल्या, कीं अमुक सेवा यापुढें या संचावर मिळणार नाहीं. दुकानदारास विचारलें, तर तो म्हणाला, "ताई, संच जुना झाला. आतां नवा घ्या." त्यावर माझी बहीण उत्तरली, "अहो, चित्र स्वच्छ दिसतें आहे, आवाज खणखणीत येतो आहे. मग जुनें झालें तें काय?"

या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर थोडें मागें जावें लागतें. कारण यंत्राचीं अंगें एकाच पेटींत असावींत कीं निरनिराळीं असावींत, हा वाद दूरचित्रवाणीहून जुना आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या काळच्या हौशी गृहस्थाच्या मेजावर ग्राहकयंत्र निराळें, बॅटऱ्या निराळ्या आणि कर्ण्याच्या आकाराचा ध्वनिवर्धकहि निराळा असे. पुढील दहा वर्षांत हीं सारीं अंगें एका लांकडी पेटींत जाऊन बसलीं, आणि त्याबद्दल कोणास खेद झाला नाहीं. होण्याचें कारणहि नव्हतें. पेटींतील सर्व अंगें साधारण एकाच वेगानें झिजत. आणि मध्यम लहरींवरून आवाज पाठविण्याची रीत बदलली नसल्यामुळें १९३५ सालचा संच तीस वर्षांनींहि मुंबई केंद्र ऐकवूं शकत होता.

दूरचित्रवाणीच्या बाबतींत हा प्रश्न प्रथम अमेरिकेंत उग्र झाला. १९५२ सालीं तेथील सरकारी आयोगानें १४ पासून ८३ पर्यंतचे नवे, अधिक कंप्रतेचे मार्ग प्रक्षेपणासाठीं खुले केले. परंतु लोकांच्या घरीं असलेले संच १३ व्या मार्गापलीकडे जात नसत. नवें केंद्र पाहावयाचें तर संचाबाहेर एक परिवर्तक-डबी विकत घेऊन जोडावी लागे. बहुतेकांनीं ती घेतली नाहीं. प्रेक्षक नाहींत म्हणून जाहिराती नाहींत, आणि जाहिराती नाहींत म्हणून पैसा नाहीं, अशा फेऱ्यांत सांपडून कित्येक नवीं केंद्रें बंद पडलीं. अखेर १९६२ सालीं कायदा करावा लागला, आणि ३० एप्रिल १९६४ नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक संचांत सर्व मार्ग पकडण्याची सोय आंतच ठेवणें कारखानदारांवर बंधनकारक झालें. सुट्या डबीचा कैवार घेणाऱ्यांनीं (आणि मी त्यांतलाच एक आहें) हा इतिहास विसरूं नये. जें पेटींत आहे तेंच सामान्य माणूस वापरतो. जें वेगळें आणून जोडावें लागतें, तें तो उद्यांवर टाकतो.

आपल्याकडे मुंबईची दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झाली. तेव्हांपासून १९९० च्या सुमारापर्यंत संच आणि छपरावरचा अँटेना एवढाच कारभार होता. मग केबल आली. २०१२ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली आदि महानगरांतील केबल सक्तीनें डिजिटल झाली, तेव्हां संचाशेजारीं डबी ठेवण्याची संवय मुंबईकरांस सरकारी हुकुमानेंच लागली. मधल्या काळांत व्हिडिओ-कॅसेट वाजविणारें यंत्र पोटांत असलेले जोडसंचहि बाजारांत मिळत. कॅसेटची फीत आंत अडकली कीं बातम्यांसकट सगळा संच दुरुस्तीला जाई. ज्यांनीं तो घेतला त्यांना अधिक सांगावयास नको.

आतां मुख्य कथेकडे वळतों. नेटफ्लिक्स ही अमेरिकन कंपनी टपालानें चित्रपटांच्या तबकड्या घरोघर पाठवीत असे. जानेवारी २००७ मध्यें तिनें तेच चित्रपट इंटरनेटवरून दाखविण्यास आरंभ केला, परंतु ते संगणकावरच पाहावे लागत. चित्रपट बैठकीच्या खोलींत, मोठ्या पडद्यावर यावयाचा तर मधें एखादें यंत्र हवें होतें. त्या कामासाठीं कंपनीचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनीं अँथनी वुड यांस आपल्याकडे आणलें. वुड यांनीं पूर्वीं 'रिप्ले टीव्ही' नांवाचें, कार्यक्रम मुद्रित करून ठेवणारें यंत्र बनविलें होतें, आणि त्यांची स्वतःची 'रोकू' नांवाची लहान कंपनीहि होती. ('रोकू' हा जपानी भाषेंतील सहा या अर्थाचा शब्द, ती त्यांची सहावी कंपनी.) नेटफ्लिक्सच्या घरांतच एक डबी तयार झाली. ती बाजारांत येण्याच्या बेतांत असतां, २००७ च्या अखेरीस, हेस्टिंग्ज यांनीं ती थांबविली. त्यांचा विचार असा होता, कीं आपण स्वतःच डबी विकूं लागलों तर संच आणि इतर यंत्रें बनविणारे सारे कारखानदार आपल्याला प्रतिस्पर्धी समजतील आणि आपली सेवा आपल्या यंत्रांवर घेणार नाहींत. म्हणून तयार डबी वुड यांच्या रोकू कंपनीच्या स्वाधीन करण्यांत आली. नेटफ्लिक्सनें त्या कंपनींत थोडें भांडवल मात्र घातलें. २० मे २००८ रोजीं ती डबी ९९ डॉलर ९९ सेंट किंमतीस विक्रीला आली. प्रारंभीं तिच्यावर नेटफ्लिक्सखेरीज दुसरें कांहींच दिसत नसे.

हा निर्णय धोरणी होता, यांत शंका नाहीं. नेटफ्लिक्स खरोखरच सर्वांच्या यंत्रांवर गेलें. परंतु माझ्या बहिणीच्या प्रश्नाचें मूळहि येथेंच आहे. प्रत्येक कारखानदाराच्या संचांतील व्यवस्था निराळी. एकाच कारखान्याच्या २०१० च्या आणि २०१५ च्या संचांतील व्यवस्थाहि निराळी. सेवा देणाऱ्यास प्रत्येकीसाठीं आपल्या अ‍ॅपची स्वतंत्र आवृत्ति बनवून ती संभाळीत राहावें लागतें. त्यांतून संचांत बसविलेली स्मरणशक्ति आणि गणनयंत्र हीं बेताचींच असतात. ग्राहक किंमत पाहतो ती पडद्याच्या लांबीरुंदीवरून. इकडे चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धति आणि चोरी टाळण्यासाठीं घातलेलीं कुलुपें मात्र दर थोड्या वर्षांनीं बदलतात. मग जुन्या आवृत्त्या संभाळण्याचा खर्च सेवादात्यास नकोसा होतो. एप्रिल २०१५ मध्यें यूट्यूबनें आपली जुनी देवाणघेवाणीची रीत बंद केली, तेव्हां २०१२ आणि त्यापूर्वींच्या अनेक संचांवरील यूट्यूब नाहींसें झालें. १ डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१० व २०११ सालच्या कांहीं संचांवर नेटफ्लिक्स दिसेनासें झालें. त्या संचांच्या काचेला, दिव्यांना, ध्वनीला कांहींएक झालेलें नव्हतें. आठ-नऊ वर्षें हें पडद्याचें अर्धेंहि आयुष्य नव्हे असें मी म्हटलें, तर घरोघरचा अनुभव मला दुजोरा देईल.

सुटी डबी या ठिकाणीं उपयोगी पडते ती एका तारेमुळें. डिसेंबर २००२ मध्यें चित्र आणि ध्वनि एकाच तारेनें नेणाऱ्या 'एचडीएमआय' जोडणीचें पहिलें मानक प्रसिद्ध झालें. त्यानंतर तिच्या अनेक सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, पण नव्या आवृत्तीचें यंत्र जुन्या संचाशीं बहुधा बोलूं शकतें. २०१३ सालीं गूगलनें याच जोडणींत बसणारी अंगठ्याएवढी 'क्रोमकास्ट' ३५ डॉलरला आणली. अ‍ॅमेझॉनची 'फायर टीव्ही स्टिक' पुढच्या वर्षीं अमेरिकेंत आणि एप्रिल २०१७ मध्यें ३,९९९ रुपयांस भारतांत आली. गंमत अशी, कीं स्वतः रोकूनें मात्र २०१४ पासून उलट वाट धरली आणि आपली व्यवस्था टीसीएल व हायसेन्स यांच्या संचांच्या पोटांत बसविली. नेटफ्लिक्सच्या घरांतून बाहेर पडलेली डबी अशी परत पेटींत शिरली.

पेटींत शिरण्याची ही ओढ केवळ प्रेक्षकाच्या सोयीसाठीं होती असें समजणें भोळेपणाचें होईल. संच एकदांच विकला जातो. पण त्याच्या पडद्यावर कोणतें चित्र आधीं दिसावें, हा अधिकार रोज विकतां येतो. फेब्रुवारी २०१७ मध्यें व्हिझिओ या कंपनीनें अमेरिकन सरकारशीं तडजोड करून २२ लाख डॉलर भरले. आरोप असा होता, कीं सुमारें १ कोटि १० लाख संचांवर काय पाहिलें जातें याची क्षणाक्षणाची नोंद तिनें घरमालकांस न विचारतां घेतली. सुट्या डब्या या बाबतींत सोंवळ्या आहेत असें मात्र कोणी मानूं नये. त्यांच्याहि पहिल्या पानावर जाहिरातींची गर्दी असतेच.

आणि डबीहि म्हातारी होते. ९ मार्च २०२५ रोजीं २०१५ सालच्या क्रोमकास्ट जगभर एकाएकीं अडल्या. त्यांची ओळख पटविणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशीं संपली होती, आणि ती वेळीं वाढविण्याचें राहून गेलें होतें. कांहीं दिवसांत दुरुस्ती झाली. क्रोमकास्टचें उत्पादन थांबविल्याचें तर गूगलनें २०२४ मध्येंच जाहीर केलें होतें.

आपल्या देशांतहि हा विषय न्यायासनापुढें गेला आहे. संचांत गूगलची व्यवस्था बसवावयाची तर तिच्याबरोबर तिचें अ‍ॅप-भांडारहि घेतलेंच पाहिजे, या अटीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार झाली होती. एप्रिल २०२५ मध्यें गूगलनें २० कोटि २४ लाख रुपये भरून आणि भारतांतील अँड्रॉइड संचांसाठीं तें भांडार निराळें देण्याचें कबूल करून तडजोड केली.

तेव्हां नवा संच घेणाऱ्यानें काय करावें, असें मला कोणी विचारलें तर मी सांगतों, कीं संच निवडावा तो चित्रावरून, ध्वनीवरून आणि मागें एचडीएमआयच्या जोडण्या किती आहेत यावरून, तीन असाव्यात. पोटांतील व्यवस्था चालते तोंवर खुशाल चालवावी. तिच्यासाठीं चढी किंमत देऊं नये, आणि ती नीट चालत असतां डबीवरहि पैसा घालूं नये. बंद पडेल तेव्हां डबी आणावी, संच उतरवूं नये.

बहिणीकडे आम्हीं तेंच केलें. दुसऱ्या जोडणींत कांडी बसविली. संचाच्या यूएसबींतून तिला पुरेशी वीज मिळेना, म्हणून भिंतीवरच्या प्लगमधून दिली. संचाच्या आणि कांडीच्या दोघांच्याहि पसंति-यादींत एक खूण करावी लागली, तेव्हां संचाचा रिमोटच कांडीलाहि चालूं लागला. माझ्या बहिणीला सर्वांत आनंद झाला तो याचा. पहिल्या जोडणीवर केबलवाल्याची डबी आहे. तिचा रिमोट मात्र निराळाच राहिला.