रेंज आणि रिचार्ज

डोंगराळ भागातल्या शाळांत काम करणाऱ्या शिक्षकांना गावातली एक जागा हमखास ठाऊक असते. एखादा कातळ, देवळाचा चौथरा, नाहीतर वरच्या आळीतले आंब्याचे झाड. तेथे उभे राहिले की फोनला 'रेंज' येते. दहा पावले खाली उतरले की जाते. असे का होते, हे मुले विचारतात आणि लहरींचे उत्तर आपण देतोही. पण तो टॉवर मुळात आला कधी, आणि शहरानंतर इतक्या वर्षांनी का, हे क्वचितच कोणी विचारते. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला विज्ञानापेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक सापडले.

मोबाइलची कल्पना तशी जुनी. प्रदेशाची षटकोनी घरे पाडावीत, प्रत्येक घरात कमी शक्तीचे प्रक्षेपण केंद्र ठेवावे आणि त्याच वारंवारिता पुढे दूरच्या घरात पुन्हा वापराव्यात, ही योजना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली मांडली गेली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या या घरांवरून 'सेल' हा शब्द आला. हातात धरता येईल असा फोन घेऊन मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिला कॉल केला तो ३ एप्रिल १९७३ रोजी. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीतील सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. षटकोनी घरांची युक्ती गर्दीसाठी शोधलेली आहे. थोड्या वारंवारितांत पुष्कळ माणसे कशी बसवावीत, हा शहराचा प्रश्न. खेड्याचा प्रश्न नेमका उलटा: जमीन पुष्कळ, बोलणारी माणसे विखुरलेली. टॉवरचा खर्च दोन्हीकडे होतोच. खेड्यात तर वीज जाते म्हणून डिझेलचे जनित्र आणि बॅटऱ्याही लागतात. त्यात भारतातले सुरुवातीचे दर मिनिटाला सोळा रुपयांवर, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडत.

शिवाय बिलाची अडचण होती. महिनाभर बोलायचे आणि मग पैसे द्यायचे, याचा अर्थ कंपनी ग्राहकाला उधार देते. उधार द्यायचे तर अनामत हवी, पत्त्याचा पुरावा हवा, उत्पन्नाचा दाखला हवा. शेतमजूर, फेरीवाला किंवा ऊसतोडीला जाणारे कुटुंब यांच्याजवळ यातले काय असणार? पैसे असूनही माणूस गिऱ्हाईक ठरत नव्हता.

ही गाठ सुटली ती पैसे आधी घेण्याने. पोर्तुगालमध्ये १९९५ साली 'मिमो' नावाची योजना निघाली. ती जीएसएम पद्धतीच्या फोनवरील पहिली प्रीपेड सेवा मानली जाते. कल्पना किराणा दुकानदारालाही सुचावी इतकी साधी, पण यंत्रणा साधी नव्हती. पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो की शिल्लक रक्कम सिम कार्डात असते. तसे नाही. कार्डात ग्राहकाचा ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. शिल्लक असते कंपनीच्या संगणकात. नंबर फिरवला की टेलिफोन केंद्र त्या संगणकाला विचारते, याच्या नावावर किती आहे? तेवढ्यापुरती परवानगी मिळते, बोलणे चालू असतानाच रक्कम वजा होत जाते आणि शून्यावर आली की संभाषण तुटते. दर सेकंदाचा हिशेब लाखो खात्यांवर एकाच वेळी ठेवायचा, हे काम सोपे नव्हे. ते साधल्यावर अनामत आणि वसुली दोन्ही संपल्या.

प्रीपेड पोहोचण्यापूर्वी खेड्याने दुसरा मार्गही काढला होता, आणि तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. बांगलादेशात मार्च १९९७ मध्ये ग्रामीणफोन सुरू झाला. त्याची ग्रामफोन योजना अशी: ग्रामीण बँकेची कर्जदार स्त्री कर्जावर मोबाइल घेई आणि गावकऱ्यांना मिनिटाच्या दराने बोलू देई. बिल वसूल करीत बँकेचे कर्मचारी. म्हणजे उधारीची जोखीम पुढे जी यंत्राने संपवली, ती येथे माणसामाणसांतल्या पतीने सांभाळली होती. शहरांना जोडण्यासाठी कंपनीने रेल्वेमार्गालगतची प्रकाशतंतूंची केबल भाड्याने घेतली, हीही मोठी हुशारी. पुढे हँडसेट स्वस्त झाले, घरोघर प्रीपेड आले आणि या 'फोनवाल्या' बायकांचा धंदा बसत गेला. आपल्याकडील पिवळ्या एसटीडी बूथांचेही तेच झाले.

रेंज आल्याने खरोखर काय बदलते, याचे मोजमाप केरळात झाले आहे. कोझिकोड, कण्णूर आणि कासरगोड या किनाऱ्यांवर १९९७ ते २००० या काळात मोबाइल टप्प्याटप्प्याने पोहोचला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तेथील तारलीच्या बाजाराचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. आधी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागे आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाई. पाच ते आठ टक्के मासळी वाया जात होती. फोन आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागल्या. नासाडी जवळजवळ थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला भाव चार टक्के कमी पडला.

पण होडीत रेंज कशी? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर घालावे. h मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३.५७√h किलोमीटरवर असते. टॉवर ४० मीटरचा धरला तर अंतर येते साडेबावीस किलोमीटर. केरळच्या किनाऱ्यावर रेंज समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटर जात असे. समुद्रात आडवे काही नाही. सह्याद्रीत मात्र कडे आहेत, आणि ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी फक्त ३३ सेंटिमीटर. ती डोंगराला फारसा वळसा घालत नाही. म्हणून तो कातळ आणि ते आंब्याचे झाड.

भारतात खेड्यांचा ओघ सुरू झाला तो मे २००३ नंतर. येणारा फोन फुकट झाला. दहा रुपयांचे रिचार्ज चहाच्या टपरीवर मिळू लागले, शाम्पूच्या पुडीसारखे. शिल्लक शून्य असली तरी फोन घेता येई, आणि थोडीशी शिल्लक असली की ती खर्च न करता मिस्ड कॉल देता येई. एकदा वाजले तर एसटी मिळाली, दोनदा वाजले तर फाट्यावर ये, अशी बिनपैशाची भाषा घरोघर तयार झाली. ज्या गावांत टॉवर परवडत नव्हता तेथे सरकारी निधी आला. कंपन्यांच्या उत्पन्नातून भरला जाणारा सार्वत्रिक सेवा निधी २००२ पासून होता. २००६ साली कायदा बदलून तो मोबाइलसाठी खुला झाला आणि तीन कंपन्यांनी एकच टॉवर वाटून घ्यावा अशी योजना निघाली. २००४ च्या सुमारास शंभर ग्रामीण माणसांमागे दोन फोनही नव्हते. २०१२ पर्यंत ते चाळिसाच्या आसपास गेले. यांतले बहुतेक सारे प्रीपेड.

प्रीपेडच्या पोटात एक शब्द मात्र पहिल्यापासून दडलेला होता: मुदत. पैसे शिल्लक असले तरी तारीख उलटली की सेवा बंद. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'आजीवन' मुदत मिळू लागली आणि फक्त फोन घेण्यापुरता फोन ठेवणाऱ्यांना हायसे वाटले. २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी वारा फिरवला. येणारे फोन चालू ठेवायलाही दर २८ दिवसांनी ३५ रुपयांचे रिचार्ज लागू लागले. पुढे ही रक्कम वाढत गेली आणि डेटा नको असलेल्यालाही तो घ्यावा लागू लागला. गावी म्हातारी आई आणि शहरात मुलगा, असा फोन घरात असेल तर याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. टॉवर समोर, रेंज पुरेपूर, आणि फोन मुका.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामकाने नियम केला: केवळ बोलणे आणि संदेश यांचा, डेटा नसलेला, किमान एक पर्याय प्रत्येक कंपनीने द्यावा, अशा व्हाउचरची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, आणि दहा रुपयांचे किमान एक टॉप-अप चालू ठेवावे. मात्र त्या दहा रुपयांनी मुदत वाढत नाही.