डोंगरवाट आणि पावसाळा

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम आणि पवनार ही नावे ओठांवर येतात आणि डोळ्यांपुढे कपाशीची सपाट काळी जमीन उभी राहते. परंतु या जिल्ह्याच्या उत्तरेस, आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू तालुक्यांत, सातपुड्याची एक डोंगररांग पसरली आहे. तिची शिखरे दोन हजार फुटांच्या आसपासचीच. तथापि ओढ्यानाल्यांनी काळ्या कातळात कोरलेल्या तिच्या दऱ्या आणि सागाचे रान श्रावणात पाहावे. पर्यटकांचा हंगाम संपलेला असतो, रस्ते मोकळे असतात आणि डोंगर भरात असतो.

पूर्वी मात्र या दिवसांत प्रवासाला कोणी निघत नसे. रेल्वे येण्याआधी या मुलखातील कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीत चाके रुतत; नाल्यांवर पूल नसत. चार महिने गावे एकमेकांना दुरावत. प्रवासाचा हंगाम माणसाने नव्हे, चिखलाने ठरविलेला होता.

तो मोडणाऱ्यास काय किंमत द्यावी लागे, याची साक्ष स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूत आहे. हे स्कॉटिश मिशनरी नागपूरचे शिक्षक आणि भूगर्भाचे अभ्यासक होते. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरहून वेगळा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, ते सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना वाटेतील शाळा पाहण्यासाठी ते मागे राहिले. अंधारात एकट्याने घोड्यावरून पुराचा नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांचे आदिवासींविषयीचे टिपण टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि व्यापाराचा ओघ पुलगाव-वर्ध्याच्या सखल मार्गाकडे वळला. डोंगराकडील बोरचे रान १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर. देशातील व्याघ्र प्रकल्पांत ते अगदी लहान. पावसाळ्यात येथील सफारी बंद असते. एकेकाळी चिखलाने घडविलेली विश्रांती आता माणूस जाणीवपूर्वक रानाला देतो.

परंतु रानाच्या सीमा वाघाला ठाऊक नसतात. बोरमधून बाहेर पडलेला ‘बाजीराव’ हा वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. २०२२ पासून समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून धावतो. वन्यप्राण्यांसाठी त्यावर उन्नत व भुयारी मार्ग बांधावे लागले. हिस्लॉप यांच्या काळी वाट माणसाला गिळी. आज वाटेवरचा माणूस रानाला भारी पडतो.

म्हणून भाद्रपदात हिंगणीहून बोर धरणाकडे किंवा तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटाने कुटुंबासह जरूर जावे. सूर्यास्तापूर्वी परतावे, वेग आवरावा, आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबावे. आपल्या पूर्वजांना पावसाने जे सक्तीने शिकविले, ते आपण स्वखुशीने पाळले तर ही वाट आपल्या नातवंडांनाही हिरवीच दिसेल.