ख्रिस्ती लोकांचा न्यायाचा दिवस आणि १८४४ ची दारफाळणी

ख्रिस्ती धर्मात शेवटचा न्याय एकदाच व्हायचा आहे. जगाच्या शेवटी येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि मेंढपाळ मेंढरं-शेरडं वेगळी करतो तसा तो माणसांचा निवाडा करील, असं ते मानतात. हा दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं त्यांच्याच मत्तयच्या पुस्तकात लिहिलंय. तरी अमेरिकेत त्याची तारीख काढली गेली, आणि तीही आपल्या दारफाळणीच्या सणावरून!

विल्यम मिलर (१७८२–१८४९) हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी, पंथाने बाप्तिस्त. दानिएलच्या आठव्या अध्यायात पवित्रस्थान शुद्ध होईपर्यंतचे २,३०० दिवस सांगितले आहेत. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं आणि एज्रा यरुशलेमला गेला त्या इ.स.पू. ४५७ पासून मोजलं. हिशेब १८४३-४४ वर आला. हजारो लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

ऑगस्ट १८४४ मध्ये सॅम्युअल स्नो याने नेमका दिवस सांगितला. पवित्रस्थानाची शुद्धी तोरात सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी आहे, म्हणजे योम किप्पूर. त्या वर्षी आपला योम किप्पूर २३ सप्टेंबरला होता. पण या लोकांनी कराइट यहुद्यांची रीत धरली. त्या रीतीत जवाचं पीक पाहून वर्षाचा पहिला महिना ठरवतात, त्यामुळे सण महिनाभर पुढे जाऊ शकतो. तारीख निघाली २२ ऑक्टोबर १८४४.

कोणी शेतातलं पीक काढलं नाही, कोणी दुकान बंद केलं. सगळ्यांनी रात्रभर वाट पाहिली. उजाडलं तर जग होतं तसंच! अमेरिकेच्या इतिहासात याला ‘मोठी निराशा’ म्हणतात. पुष्कळांनी ही वाट सोडली. काहींनी म्हटलं, की न्यायाचं काम त्या दिवशी स्वर्गातल्या पवित्रस्थानात सुरू झालं. त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. हे ख्रिस्ती असून शनिवारी शब्बाथ पाळतात. पुण्याचं स्पायसर कॉलेज त्यांचंच.

आपल्याकडे न्याय दरवर्षीचा. नव्याच्या सणाला तो लिहिला जातो, दारफाळणीला दार लागतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडतं. शेवटाचा हिशेब मांडणाऱ्यांना तालमुदमध्ये चांगलंच फटकारलंय. ठरवलेली वेळ टळली, की लोक म्हणतात, आता तो येणारच नाही. म्हणून सांगितलंय, वाट पाहा, पण तारीख काढू नका.