१७ फेब्रुवारी १९४३ : लोकनायक अणे यांचा राजीनामा

महायुद्ध सुरू होते. भारत संरक्षण नियमांमुळे सभा, मोर्चे, वर्तमानपत्रे सगळ्यांवर बंधने. ‘चले जाव’नंतर काँग्रेसचे नेते गजाआड. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी १० फेब्रुवारीला २१ दिवसांचे उपोषण आरंभले. व्हाइसरॉय लिनलिथगो बिनशर्त सुटकेस राजी होईनात. तेव्हा त्यांच्या कार्यकारी मंडळातून वणीचे लोकनायक बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार बाहेर पडले. १९३० साली पुसदला राखीव जंगलातले गवत कापून तुरुंगात गेलेल्या अण्यांनी १९४१ मध्ये या मंडळाचे सदस्यपद स्वीकारले होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. राजीनाम्यांनी सरकार बधले नाही. उपोषण ३ मार्चला सुटले. गांधीजींची सुटका मात्र ६ मे १९४४ रोजी झाली.