बर्फावरचे चाक

सिमला, श्रीनगर किंवा लेह येथे बदली झालेला मराठी अधिकारी सामानाची यादी करावयास बसतो, तेव्हा तीत लोकरीचे कपडे असतात, शेगडी असते, लोणच्याची बरणी तर असतेच. परंतु ज्या चार चाकांवर भर डिसेंबरात सारे कुटुंब घाट चढणार, त्या चाकांचा विचार यादीत क्वचितच आढळतो. पुण्यास वा नागपुरास जे टायर चालले ते तेथेही चालतील, असे आपण गृहीत धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे आहे, हे बर्फाच्या देशांना फार पूर्वीच कळून चुकले. आणि त्यांनी त्यावर शोधलेली उत्तरे तपासून पाहिली म्हणजे आपली निवडही सोपी होईल, असे आम्हांला वाटते.

आपल्या बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडाची धाव चढवीत असे. धाव जितकी कठीण, तितके चाक टिकाऊ, असा तो सरळ हिशेब होता. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसविली, आणि हा हिशेब उलटला. रबर रस्त्याला धरते ते आपल्या मऊपणामुळे. रस्त्याच्या बारीकसारीक उंचसखलपणात ते शिरते आणि म्हणून घसरत नाही. पण थंडी वाढू लागली की रबर ताठरते. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली आपला लवचिकपणा गमावू लागते, असे टायरवाले सांगतात. म्हणजे बर्फ पडण्यापूर्वीच, कोरड्या रस्त्यावरसुद्धा, आपली मोटार नकळत पुन्हा धावेवर चालू लागलेली असते.

पहिले उत्तर अर्थातच लोखंडाचे होते. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी १९०४ साली चाकाभोवती गुंडाळावयाच्या साखळीचे पेटंट घेतले. चिखलातून वा बर्फातून जाताना चालक चाकांना दोर गुंडाळीत, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे म्हणतात. दाट बर्फात साखळीला आजही तोड नाही. मात्र ती घालून वेगाने जाता येत नाही, आणि उघड्या डांबरावर ती रस्ताही खाते व स्वतःही तुटते.

दुसरे उत्तर फिनलंडने दिले, आणि त्याची हकीकत अधिक रंजक आहे. नोकिया या गावी रबराचा एक जुना कारखाना होता. (ज्या कंपनीचे दूरध्वनी पुढे आपल्याकडे घरोघर पोचले, तिच्यात हा कारखाना १९६७ साली विलीन झाला, आणि १९८८ साली टायरचा धंदा पुन्हा वेगळा निघाला.) या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी 'केलिरेंगास' नावाचा टायर काढला, खास हिवाळ्यासाठी बनविलेला जगातील पहिला टायर तो हाच, असे मानतात. फिनिश भाषेत 'केली' म्हणजे हवामानामुळे रस्त्याची झालेली अवस्था. पावसाच्या तऱ्हांसाठी जसे आपल्याकडे शब्द आहेत, तसा रस्त्याच्या अवस्थेसाठी त्या लोकांनी शब्द ठेवावा, यातच त्यांचा हिवाळा कळतो. या टायरची नक्षी आडव्या खोल खाचांची होती. खाचांत बर्फ दाबून भरला जाई, आणि बर्फ बर्फाला धरतो या साध्या नियमाने चाक पुढे जाई. १९३६ साली त्याच कारखान्याने छोट्या मोटारींसाठी 'हाक्कापेलिट्टा' काढला. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फ राजाच्या सैन्यात फिनिश घोडेस्वार होते. 'तोडा त्यांना' अशा अर्थाच्या त्यांच्या रणघोषावरून त्यांना हे नाव पडले. हा राजा १६३२ साली, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, लुट्झेनच्या रणांगणावर पडला. आपल्याकडे कोणी टायरला 'हर हर महादेव' असे नाव दिल्याचे आम्ही ऐकलेले नाही. पण ज्याला घाटातला बर्फ तुडवावयाचा आहे, त्याला नावामागची भावना कळेल.

खाचा बर्फात रुततात, पण गुळगुळीत हिमावर त्यांचे काही चालत नाही. म्हणून साठीच्या दशकात टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे खिळे ठोकण्याची रीत आली. फिनलंडने १९६१ साली खिळेवाला हाक्कापेलिट्टा बाजारात आणला. खिळा हिमाला ओरखडतो आणि चाकाला आधार मिळतो. उत्तर युरोप, जर्मनी, अमेरिका, सगळीकडे खिळ्यांची चलती झाली. पुढे जे झाले ते मात्र कोणी फारसे मनात आणले नव्हते. हिवाळ्यातले पुष्कळ दिवस रस्ता उघडाच असतो, आणि तेव्हा तोच खिळा डांबर खरवडू लागतो. रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या, त्यांत पावसाचे पाणी साचू लागले, आणि पाण्यावरून मोटारी घसरू लागल्या. पश्चिम जर्मनीने १९७५ साली खिळे बंद केले.

जपानात तर हा प्रश्न लोकांच्या श्वासाशी येऊन भिडला. सेंदाई शहरी थंडी कडक, पण बर्फ त्या मानाने थोडा. त्यामुळे हजारो खिळेवाली चाके कोरड्या डांबरावरच फिरत. डांबराची धूळ उडून हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडाशी सारे शहर धुरकटे, डोळे चुरचुरत, घसे बसत. लोक उपहासाने त्याला 'सेंदाईचे वाळवंट' म्हणू लागले. येथे दोष कोणाचा म्हणावा? प्रत्येक चालकाने आपल्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेसाठीच खिळे घेतले होते, आणि त्याच मुलाबाळांच्या नाकात ती धूळ जात होती. अखेर नागानो प्रांतातील वकिलांनी टायर कंपन्यांविरुद्ध सरकारी लवादाकडे दाद मागितली. १९८८ साली तडजोड झाली, १९९० अखेर कंपन्यांनी खिळेवाले टायर बनविणे थांबवावे असे ठरले, आणि १९९० सालीच कायदाही झाला.

तडजोडीच्याच वर्षी, १९८८ साली, ब्रिजस्टोनने 'ब्लिझॅक' हा टायर काढला. हिम सर्वांत घातकी असते ते फार थंडीत नव्हे, तर शून्य अंशाच्या आसपास, कारण तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. ब्लिझॅकच्या रबरात फेसासारखी सूक्ष्म छिद्रे असतात. ती हा थर शोषून घेतात आणि मऊ रबर थेट हिमावर टेकते. लोखंडाने जे साधावयाचे ते अशा रीतीने मऊपणाने साधले. पण यालाही किंमत पडलीच. साप्पोरो शहरात खिळे गेले आणि चौकाचौकांत थांबणाऱ्या-निघणाऱ्या मऊ चाकांनी बर्फाला आरशासारखी झिलई आणली. माणसे पायी चालताना पडू लागली, आणि पालिकेला पदपथांवर वाळूच्या पेट्या ठेवाव्या लागल्या. पूर्वी खिळेवाल्यांनी खरवडलेल्या रस्त्याचा लाभ इतरांनाही होत होता, हे तेव्हा ध्यानात आले. फिनलंड, स्वीडन व नॉर्वे यांनी खिळे अजून ठेवले आहेत, पण ऑस्लो शहर त्यांवर आकार घेते आणि स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटन रस्त्यावर २०१० पासून त्यांना मज्जाव आहे.

आता आपल्या मुलखाकडे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचे खोरे हिवाळ्यातही मोटारींच्या आटोक्यात आले. बर्फ पडला की तेथे आणि काश्मीर-लडाखच्या रस्त्यांवर बहुधा एकच हुकूम निघतो: चारही चाकांना जोर देणारी गाडी आणा, नाहीतर साखळी लावा. यातला पहिला पर्याय आम्हांला पुरता पटत नाही. चार चाकांचा जोर गाडी चढविण्यास उपयोगी पडतो. उतारावर थांबविण्याचे काम शेवटी टायरनेच करावयाचे असते, आणि अपघात तर उतारावरच अधिक भिववितात.

सिमल्यास असणाऱ्याने मऊ हिवाळी टायर घ्यावा आणि साखळी डिकीत ठेवावी, असे आम्ही म्हणू. तेथील हिम शून्याच्या आसपासचेच असते. लेहला रस्ता पुष्कळदा कोरडा, पण सावलीच्या वळणावर वितळून पुन्हा गोठलेले पाणी टपून बसलेले, तेथेही हेच. टायर घेताना त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी खूण पाहावी. ही खूण १९९९ पासूनची आहे आणि ती बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. 'एम प्लस एस' ही अक्षरे मात्र कारखानदार स्वतःच्या भरवशावर छापू शकतो. चारही टायर एकाच जातीचे हवेत, पुढे दोन आणि मागे जुनेच, असे करू नये. दिल्लीच्या उन्हाळ्यात हेच मऊ रबर भराभर झिजते, म्हणून खाली उतरताना ते काढून ठेवावे. हा दुहेरी खर्च खटकतो खरा, परंतु एका जोडीवर बसलेले महिने दुसऱ्या जोडीच्या आयुष्यातून कमी होत नाहीत.

आमच्या वाचकांपैकी काही जण असे हुकूम स्वतःच काढणारे आहेत. त्यांच्यासाठी इतकेच नमूद करतो की फिनलंडने हिवाळी टायर १९७८ साली सक्तीचे केले, स्वीडनने १९९९ साली, आणि तेथे नक्षीची खोली किमान ३ मिलिमीटर हवी. ऑस्ट्रियात तर ४.