बसऱ्याचा दगड

बसऱ्याला मी गेलो नाही, जाणारही नाही. पण तिथला दगड मला सलतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या 40,000 हून जास्त लोकांचं हे स्मारक इंग्रजांनी 1929 साली उघडलं. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं. हिंदी सुभेदार-जमादारांचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीपुढं नुसता आकडा! 1915-16 साली कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी भुकेनं सडल्या. त्यांचे शिपाईही आकड्यातच. कबरींच्या आयोगानं माफी मागितली ती 2021 मध्ये.

भीमा कोरेगावच्या खांबावर 1818 ला पडलेल्या महारांची नावं आहेत. शेवटी 'नाक' असलेली. ती मी स्वतः वाचली. नावं आहेत म्हणून तर आपली माणसं तिथं जातात. आकड्याला कोण भेटायला जाणार?

गिरणीत मलाही बिल्ल्याच्या नंबरानंच हाक मारतात, गड्यांनो. म्हणून या लेखाखाली मी पुरं नाव लिहितोय.