नारू निर्मूलन आणि लोकजागृती (भारत)

नारू हा ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या परजीवी कृमीमुळे होणारा रोग असून तो पिण्याच्या पाण्यावाटे पसरतो. या रोगावर लस उपलब्ध नाही, तसेच शरीरातील कृमी नष्ट करणारे औषधही नाही. त्यामुळे त्याचे निर्मूलन प्रामुख्याने पाणवठ्यांची सुधारणा आणि लोकशिक्षण यांच्या आधारे करावे लागले. भारतातील अखेरच्या रुग्णाची नोंद जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

== संसर्गाचे चक्र ==

नारूच्या अळ्या सायक्लॉप्स या अतिसूक्ष्म जलजीवाच्या शरीरात वाढतात. असे पाणी न गाळता प्यायल्यास सायक्लॉप्स जठरात मरतात व अळ्या मुक्त होऊन ऊतींमध्ये शिरतात. सुमारे एक वर्षाने ६० ते १०० सेंटिमीटर लांबीची मादी त्वचेजवळ, बहुधा पायावर येते. तेथे फोड येऊन तीव्र आग होते. आग शमविण्यासाठी रुग्णाने पाय पाण्यात बुडविला की फोड फुटून मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते आणि चक्र पुन्हा सुरू होते. सायक्लॉप्सच्या या भूमिकेचा शोध रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी फेदचेन्को यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तान प्रांतात (मध्य आशिया) लावला.

कृमी काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढणे हा प्राचीन उपचार आजही प्रचलित आहे. कृमी तुटल्यास जखम चिघळते. आयुर्वेदीय ग्रंथांत वर्णिलेला ‘स्नायुक’ हा विकार म्हणजे नारूच असे मानले जाते.

== रोगाविषयीचे आकलन ==

पाणी पिणे आणि कृमी बाहेर येणे यांत जवळजवळ वर्षाचे अंतर असल्यामुळे त्यांचा परस्परसंबंध ग्रामस्थांच्या सहजासहजी लक्षात येत नसे. दैवी कोप, रक्तदोष किंवा आहारदोष ही या रोगाची कारणे असल्याचे अनेक समाजांत समजले जाई. नितळ दिसणारे पाणी शुद्धच असते, हा समजही दृढ होता.

पायऱ्यांच्या विहिरी, बारवा व तळी हे संसर्गाचे मुख्य स्रोत होते. तेथे पाणी भरणारी व्यक्ती पाण्यात उतरत असल्याने एकच रुग्ण संपूर्ण गावाचा पाणवठा दूषित करू शकत असे. रुग्ण अनेक आठवडे अंथरुणाला खिळून राहत असल्यामुळे शेतीची कामे अडत आणि मुलांची शाळा बुडे. एकदा रोग होऊन गेल्यावरही प्रतिकारशक्ती निर्माण होत नसल्याने तो पुन्हा होऊ शके.

== राष्ट्रीय कार्यक्रम ==

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. दिल्लीतील राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे त्याचे समन्वयन होते. त्या वेळी आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, तामिळनाडू, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान या सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण होते. कार्यक्रमातील प्रमुख उपाय पुढीलप्रमाणे होते:

* गावोगावी घरोघर फिरून रुग्णशोध
* हातपंप बसविणे व पायऱ्यांच्या विहिरींचे पोहऱ्याने पाणी काढण्याच्या विहिरींत रूपांतर
* पाणवठ्यांत टेमेफॉस हे सायक्लॉप्सनाशक टाकणे
* पाणी बारीक विणीच्या कापडातून गाळण्याचा प्रचार
* रुग्णाच्या जखमेवर मलमपट्टी करून त्याला पाण्यात उतरण्यापासून परावृत्त करणे
* अखेरच्या टप्प्यात रुग्णाची माहिती देणाऱ्यास रोख बक्षीस

== जागृतीचे स्वरूप व मर्यादा ==

घरात पाणी भरण्याचे व गाळण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असल्याने प्रबोधनात त्यांचा सहभाग निर्णायक ठरला. दक्षिण राजस्थानात युनिसेफ व स्वीडनच्या साहाय्याने राबविलेल्या ‘स्वच्छ’ प्रकल्पात स्थानिक स्त्रियांना आरोग्यप्रबोधन तसेच हातपंप दुरुस्तीचे प्रशिक्षण देण्यात आले.

केवळ माहिती देणे मात्र पुरेसे नव्हते. रोगाचे कारण कळूनही दुसरा पाणवठा नसल्यास लोकांना जुन्याच विहिरीचे पाणी प्यावे लागे; उलटपक्षी, हातपंप बंद पडला अथवा त्याच्या पाण्याची चव रुचली नाही, तर ते पुन्हा बारवेकडे वळत. म्हणून सुरक्षित पाणी, त्याची देखभाल व लोकशिक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र राबविणे आवश्यक ठरले.

== जागतिक स्थिती ==

१९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये मानवी रुग्णांची संख्या १४ वर आली. कार्टर सेंटर ही संस्था १९८६ पासून या मोहिमेचे नेतृत्व करीत आहे. चाडमध्ये २०१२ पासून कुत्र्यांमध्येही संसर्ग आढळू लागल्याने निर्मूलनाचे काम लांबले. तेथे कुत्री बांधून ठेवणे आणि माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरणे या गोष्टींचाही आता लोकशिक्षणात समावेश आहे.